सगळ्यात मंद दिवा

"बघा तरी मॅडम, काय उजेड आहे!" असं म्हणून दुकानातल्या दाढीवाल्याने हेडटॉर्च स्वतःच्या कपाळावर चढवला, बटण दाबलं आणि कौतुकाने तिच्याकडे बघितलं. म्हणजे सरळ तिच्या डोळ्यांतच बघितलं. भर दुपार होती, दुकानात सगळे दिवे लागलेले होते, तरी तिच्यापुढचं सगळं पांढरं झालं. काउंटर गेला, दाढी गेली, भिंतीवर टांगलेल्या सॅक गेल्या. तिचा उजवा हात आपोआप पुढे आला, पडणाऱ्या माणसाचा येतो तसा, आणि काउंटरच्या काचेवर आपटला. "अहो, काय झालं?" म्हणत दाढीवाला काळजीने आणखी जवळ वाकला, दिव्यासकट. "बंद करा तो मेला दिवा!" ती ओरडली. पलीकडे बूट घालून बघणारं एक जोडपं वळून बघायला लागलं. बघेनात का. पन्नाशीच्या बाईने दुकानात ओरडायचं नसतं असा कायदा आहे का कुठे? दाढीवाल्याने घाईघाईने बटण दाबलं, पण असल्या दिव्यांना एका दाबात विझायची सवय नसते. तो आधी आणखी मोठा झाला, मग लुकलुकला, मग लाल झाला आणि चौथ्या दाबाला गेला एकदाचा.

तीनदा सांगून झालं होतं तिचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी उजेडाचा. स्वस्त म्हटल्यावर त्याला कळलं होतं. कमी उजेडाचा म्हटल्यावर कळलं नव्हतं, कारण कुणी कमी मागायला येतं हे दुकानदाराच्या डोक्यात शिरतच नाही. "बजेटचा प्रश्न असेल तर ह्याच्यावर सूट आहे," तो म्हणाला. "बजेटचा प्रश्न नाहीये. मला भगभगीत नकोय." "पण जंगलात चालायचंय म्हणालात ना? पहाटे? मग हाच घ्या. हजार ल्यूमेन. झाड न् झाड दिसतं. कमी उजेडात कुठे पडलात बिडलात तर?" पडलात बिडलात. ह्याच्याही तोंडात तेच. गावातल्या सगळ्या पुरुषांनी मिळून एकच वाक्य वाटून घेतलंय की काय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांपुढे अजून एक हिरवट डाग नाचत होता; जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसायचा, दाढीवाल्याच्या नाकावर, बिलाच्या मशीनवर, तिच्या स्वतःच्या मनगटावर. मनगट नीट जुळलं होतं, डॉक्टर तसं म्हणालेही होते. फक्त थंडीत दुखायचं आणि राग आला की दुखायचं, आणि पाच महिने थंडी नसली तरी ते दुखतच होतं.

रविवारी पहाटे जंगलात चालायला जायचं हे नवऱ्याचं नऊ वर्षांपूर्वीचं खूळ. डॉक्टरने साखर निघाली म्हणून त्याला चालायला सांगितलं. चालायला मात्र दोघं लागली. पहिल्या बसने शेवटच्या थांब्यावर उतरायचं, तासभर अंधारात झाडांतून चढायचं आणि उजाडताना तळ्यावर पोचायचं. पहिले दोन महिने ती कुरकुरत गेली. मग एका पहाटे ओल्या पानांचा वास नाकात शिरला, कुठलातरी पक्षी एकच सूर लावून गप्प झाला आणि तिला वाटलं, हे माझं आहे. नवऱ्याची साखर राहिली बाजूला, आठवडाभर ती रविवारची वाट बघायला लागली. पण जंगल तिचं झालं तरी दिवा त्याचाच राहिला. "दोन माणसांना एक दिवा बास," हा त्याचा नियम. पुढच्याने डोक्याला बांधायचा, मागच्याने त्याच्या उजेडात चालायचं. आता ह्या उजेडाची गंमत अशी, की तो त्याच्या पावलांपुढे पडायचा आणि तिचं पाऊल तिथे पोचेपर्यंत पुढे निघून गेलेला असायचा. दगड आहे की सावली, मूळ आहे की फांदी, हे ती तो गेल्यावर आठवून आठवून चालायची. वर दर पंचवीस-तीस पावलांवर तो वळायचा आणि विचारायचा, "येतेस ना?" तो वळला की दिवाही वळायचा. मग ती शिकली. "ये" ऐकू आलं की डोळे मिटायचे, "ना" झालं की दोन श्वास थांबायचं आणि मग उघडायचे. नऊ वर्षं. प्रेमाने विचारतो बिचारा, असंही तिला वाटायचं. आणि खरंच प्रेमानेच विचारायचा, तेच तर! वाईटपणाने विचारत असता तर पहिल्याच रविवारी तिने सुनावलं नसतं?

पाच महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी दिवा नवा होता. ऑफिसात वीस वर्षं झाली म्हणून मिळालेला, एखाद्या गाडीला शोभेल असा. आणि त्या दिवशी तो न बोलता वळला. उतार होता, मातीत कुणीतरी खणून काढलेल्या पायऱ्या होत्या आणि तिसऱ्या पायरीशी एक मूळ बाहेर आलेलं होतं. सगळं ठाऊक होतं तिला, घरच्या जिन्यासारखं ठाऊक होतं. पण पांढरं झालं. पायरी नाही, मूळ नाही, तिचे स्वतःचे पायही नाहीत. तिने पाय टाकला तो कशावरच पडला नाही. उजवा हात पुढे गेला आणि आतून एक आवाज आला, कोरडी काटकी मोडावी तसा. ती मातीत तोंडावर पडलेली होती. तिने कशीबशी मान वर केली, आणि दिवा अजून तिच्या डोळ्यांतच होता. त्याच्या मागून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, बघून चालावं की नाही?"

बघून!

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कशा पडलात? नवरा शेजारीच उभा होता, चेहरा पांढराफटक, हातात तिची चप्पल. तिला त्याची दया आली. मोडलेलं हाड हिचं आणि दया त्याची, म्हणजे बघा! ती म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." आपलेच दात आणि आपलेच ओठ, परक्या माणसापुढे काय बोलायचं? तिला वाटलं होतं, हे वाक्य आपण त्याला तात्पुरतं दिलंय, घरी गेल्यावर तो परत करेल. म्हणेल, अगं, चूक माझी होती. एवढंच. चार शब्द, वर चहाचा कप. पण त्याने ते वाक्य ठेवून घेतलं. आधी धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, मग शेजाऱ्यांना, मग बसच्या कंडक्टरला. नणंद घरी आली ती हसतच आली, "काय वहिनी, खाली बघून चालायचं असतं म्हणे!" आणि तिच्या जागी स्वतः रविवारी भावाबरोबर जायला लागली. दर खेपेला ते वाक्य थोडं वाढत गेलं. "हिचं लक्ष नव्हतं." मग "हिचं लक्षच नसतं." मग "आजकाल हिचं लक्षच नसतं." हे आजकाल तिने दिलेलं नव्हतं. हे त्याने पदरचं घातलं होतं. ती प्लास्टर मांडीवर घेऊन मूग गिळून बसायची. शेजारीण म्हणाली, "वयच आहे हो आपलं," तेव्हा तिने मानसुद्धा हलवली. त्या हललेल्या मानेचा राग तिला अजून येत होता, नवऱ्याच्या खालोखाल.

आणि हा माणूस करतो काय? विमा कंपनीसाठी गाड्यांच्या अपघातांचे रिपोर्ट लिहितो. टेप घेऊन रस्त्यावर बसतो, टायरच्या खुणा मोजतो, कोण कुठून आलं, कोणाची चूक किती, हे कागदावर मांडतो. 'समोरील वाहनाच्या प्रखर दिव्यामुळे चालकाचे डोळे दिपून' हे वाक्य त्याने शंभर वेळा लिहिलं असेल. तिला माहीत होतं, कारण शुद्धलेखन तीच तपासायची. रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलावर ती 'दिपून'चा उकार दुरुस्त करायची आणि तो शेजारी सफरचंद कापायचा. मग त्याला कळलं नसेल? पाच महिने ती ह्याच एका प्रश्नावर येऊन थांबत होती. कधी वाटायचं, कळलंच नसेल. दुसऱ्याच्या डोळ्यातलं दिसतं, आपल्या कपाळावरचं नाही दिसत माणसाला. कळलं नसेल तर तो नुसता बावळट ठरतो, आणि बावळटपणाला तिच्या घरात कायमची माफी होती, दोन्ही बाजूंनी. ती त्याच्यासाठी ही जागा जपून ठेवत होती, न कळल्याची. तिथे तो राहावा असं तिला फार वाटत होतं.

पण गप्प राहण्यालाही मर्यादा असते, आणि तिची मर्यादा लॅबमध्ये संपली. दातांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं ती समोरचे दात करत होती. डॉक्टर लोक तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा जबडा होतो, आणि त्या जबड्यावर मेणाचा एकेक दात बारीक हत्याराने कोरायचा. दाढा कुणीही करतं. समोरचा दात मात्र माणसाच्या हसण्यात दिसतो. त्याच्यावर केसाएवढ्या उभ्या रेघा असतात, कडेला किंचित उतार असतो, आणि तो चुकला तर सगळा चेहरा खोटा वाटतो. जुने मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, तिला पहिल्या दिवशी म्हणाले होते, "पोरी, उजेड जास्त केलास तर दात आंधळा होतो. थोडा ठेव आणि तिरका ठेव. सावली दिसली तर दात दिसला." तेव्हापासून तिच्या टेबलावर एकच छोटा बल्ब, डाव्या अंगाला, खाली. नवीन येणारे हसायचे, आठ दिवसांत स्वतःचे दिवे खाली करायचे. प्लास्टर निघाल्यावर ती परत कामावर गेली तेव्हा तिच्या खिडकीजवळच्या स्टुलावर दुसरी कुणीतरी बसली होती. "हात बरा झाला, छान झालं," मालक म्हणाले आणि हातातला कागद उगाचच सरळ करत राहिले. "पण बाई, समोरचे दात म्हणजे लक्षाचं काम. साहेबांचा फोन झाला होता मध्ये. म्हणाले, आजकाल तुमचं लक्ष जरा... तर म्हटलं, तुम्ही प्लास्टर बघा. ताण नको."

साहेब म्हणजे नवरा. काळजीने केला होता फोन त्याने. काळजीने! तेव्हापासून ती बादलीत प्लास्टर कालवत होती, आणि पलीकडे तिच्या स्टुलावर त्या नवीन बाईने डोक्यावरचा मोठा दिवा लावून केलेले दात सपाट व्हायचे, टाइल्ससारखे. ते डब्यात भरून डॉक्टरांकडे जायचे आणि कुणाच्यातरी तोंडात बसायचे. तिला ते बघवत नव्हतं. हात बरा होता. डोळे बरे होते. गेलं होतं ते फक्त तिचं नाव, आणि ते घालवायला एक फोन पुरला होता.

"अंधार आहे का हो तुमच्याकडे कुठे?" तिने दाढीवाल्याला विचारलं. "अंधार?" त्याने आजवर हा माल विकला नसावा. "गोदाम बिदाम असेल ना. मला दिवे अंधारात बघायचेत. दुकानात काय कळणार?" तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण तो निमूटपणे मागचं दार उघडून तिला आत घेऊन गेला. खोक्यांची खोली होती, रबराचा वास भरलेला. मधोमध जमिनीवर दोरांची भेंडोळी, उलटेपालटे बूट आणि फाटलेलं एक पायपुसणं. "दार लावा," ती म्हणाली, "आणि तुमचा तो हजारवाला द्या." तिने तो कपाळावर बांधला आणि खाली बघितलं. सगळं दिसलं आणि काहीच दिसलं नाही. दोर आणि जमीन एकाच उंचीवर, बुटांना खोली नाही, पायपुसणं जमिनीवर रंगवल्यासारखं. कपाळातून येणारा उजेड ज्या रेषेत जातो त्याच रेषेत डोळा जातो. सावली वस्तूच्या मागे दडते, मग उंच काय आणि खोल काय, कळणार कसं? मग तिने तो काढून ठेवला आणि एका खोक्याच्या तळाशी पडलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एकच बटण असलेला, तीस ल्यूमेनचा दिवा मागितला. "हा तर आम्ही शाळेच्या सहलींना देतो," दाढीवाला म्हणाला. डोळे सरावेपर्यंत ती थांबली. मग तिने तो पोटाशी धरला, कमरेच्या पट्ट्याजवळ, आणि बटण दाबलं.

पिवळट, दोन पावलांएवढं वर्तुळ. त्यात दोराचा एकेक पीळ वर आला. बुटाच्या तळव्याच्या खाचा दिसल्या, पायपुसण्याची उसवलेली कड दिसली, आणि प्रत्येकाच्या पलीकडे आपापली सावली होती. तिने भेंडोळ्यावरून पाय उचलून बरोब्बर दोन दोरांच्या मध्ये टाकला. परत टाकला. दाढीवाला अंधारात म्हणाला, "अरेच्चा! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." "मग आता लोकांना सांगा," ती म्हणाली, "आणि कुणाच्या तोंडावर दिवा मारत जाऊ नका." तिला हसू यायला हवं होतं, पण तिने आणखी एकदा पाय उचलून दोरांच्या मध्ये टाकला. म्हणजे डोळे नव्हते गेले, लक्ष नव्हतं गेलं, वय नव्हतं झालं. पाच महिन्यांत तिलासुद्धा थोडंथोडं पटायला लागलं होतं की काय, लक्ष नसण्याचं? पटायला लागलं होतं. ते कबूल करताना तिला इतका राग आला, की तिने पिशवीसुद्धा घेतली नाही. दिवा तसाच पर्समध्ये टाकला आणि पैसे देऊन बाहेर पडली.

रविवारी ती पहाटे तयार होऊन बसली तेव्हा नवरा म्हणाला, "येतेस? वा! बघ, जमेल ना?" ती पर्स खांद्याला लावून दाराकडे निघाली. शेवटच्या थांब्यावर तिघं उतरली, बस दिवे मिचकावत वळून गेली आणि अंधार परत जमिनीवर बसला. झाडांकडून गार वास आला. नवऱ्याने आपला दिवा डोक्यावर चढवला. नणंदेने मफलर कानांवर ओढून घेतला आणि सवयीने म्हणाली, "वहिनी, आज तरी खाली बघून चाला हं!" तिने पर्समधून दिवा काढून कमरेला बांधला.

"हे काय?" नवरा हसला. "कुठून आणलास हा काजवा? आणि अगं, डोक्याला बांधायचा असतो तो."

"मी पुढे चालणार आहे."

"तू? आणि परत पडलीस म्हणजे? आजकाल तुझं लक्ष..."

"माझं लक्ष होतं." तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा आला. "पूर्ण लक्ष होतं माझं. तुम्ही वळलात आणि दिवा माझ्या डोळ्यांत मारलात. मला पायरी दिसली नाही. म्हणून पडले. लक्ष नसल्यामुळे नाही, तुमच्यामुळे पडले."

नणंद हळूच म्हणाली, "मी पण डोळे मिटते, वहिनी. हा वळला की. मला वाटलं, तसंच असतं." आणि भावाकडे बघून म्हणाली, "दादा?"

नवऱ्याने डोक्यावरचा दिवा काढला आणि हातात घेतला. तो काय काय म्हणेल ह्याची तिने तीन दिवस तयारी केली होती. काहीतरीच काय. तुझा गैरसमज आहे. इतके दिवस का नाही बोललीस. प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर तयार होतं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू पडलीस त्याच्या पुढच्या रविवारी मी तिथे गेलो होतो. एकटाच. टेप घेऊन." तो रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखा, जमिनीकडे बघत बोलत होता. "दिवा फांदीला अडकवला, माझ्या डोक्याच्या उंचीवर. आणि तू होतीस तिथे उभा राहिलो. नाही दिसत पायरी. काहीच नाही दिसत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काही बोलली नाहीस," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला कळलंच नाहीये. मग म्हटलं, कशाला..."

मग म्हटलं, कशाला. म्हणजे तीसुद्धा त्याच्यासाठी न कळल्याची जागा राखून बसली होती आणि तोही तिला त्याच जागेवर बसवून आला होता. फरक एवढाच, की तिने ती त्याला माफ करण्यासाठी राखली होती आणि त्याने स्वतःला वाचवण्यासाठी. टेप घेऊन गेला होता. मोजून आला होता. मोजून आल्यावर, त्यानंतर, मालकांना फोन केला होता. तिचा राग इतका स्वच्छ झाला की तिचा आवाज उलट खाली आला.

"उद्या दहा वाजता लॅबमध्ये यायचं. मालकांना सांगायचं."

"अगं, काय सांगू त्यांना? आता पाच महिन्यांनी? मी खोटं बोललो म्हणून सांगू?"

"खोटं तुम्ही नाही बोललात. खोटं मी बोलले, दवाखान्यात, तुमच्यासाठी. तुम्ही ते दारोदार फिरवून खरं केलंत. आता जिथे जिथे खरं केलंत, तिथे तिथे स्वतःच्या पायांनी जा आणि खोटं करून या."

नणंदेने मफलर सोडला. नवऱ्याने बहिणीकडे बघितलं. तिथे काही मिळालं नाही.

"उद्याच?" तो म्हणाला.

"उद्याच. आणि दहाला म्हणजे दहाला. साडेदहाला मालक बाहेर पडतात."